मधली नाडी

३ नोव्हेंबर, सोमवार. नांदेड

दिवाळीची सुट्टी संपली. प्रदीप पहाटेच्या गाडीनं लातूरला गेला. डबा विसरला, चार्जर विसरला. झोपलेल्या साचीच्या कपाळावर हात ठेवायचा मात्र विसरला नाही. बराच वेळ ठेवून उभा होता. गाडी चुकेल म्हणून मीच हलवलं.

सुट्टीभर रोज सकाळी गच्चीवर. एका नाकपुडीनं श्वास घ्यायचा, कोंडायचा, दुसरीनं सोडायचा. लातूरला कुठल्याशा शिबिरात शिकून आलाय. दिवसभर क्लासात नीटच्या पोरांपुढं बायॉलॉजी ओरडायची, मग डोकं ठणकणार, मग गोळ्या, मग पित्त. श्वासानं डोकं थांबलं म्हणतो. थांबलं असेल तर बरंच आहे.

काल जेवताना सांगत होता, डावीकडून इडा, उजवीकडून पिंगळा, मधून सुषुम्ना. मधली नाडी बहुतेकांची जन्मभर बंदच असते. "माझी उघडायला लागलीय, वैशू." मी म्हणाले, भाजी वाढू का.

९ नोव्हेंबर, रविवार

प्र. काल आला, आज संध्याकाळी परत. वाळलाय. झोपतो का विचारलं तर म्हणाला, लागतच नाही आता.

पण इतका हसरा कधी पाहिला नव्हता. भांडी घासली. साचीला गणितं समजावली, न चिडता. दुपारी माझ्या दोन्ही हातांची मनगटं धरून बसला आणि म्हणाला, तुझी डावी बाजू थंड पडलीय, कशाचं एवढं दुःख धरून बसलीस? मला रडू आलं. का ते सांगता येईना. बँक, अर्धापूरची रोजची जा-ये, साचीची शाळा, यात असं कोणी विचारलंच नव्हतं. त्यानंही नाही.

गेल्यावर वाटलं, हे बरं चाललंय की वाईट?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्रँचला असताना फोन. क्लासचे संचालक. समोर केळीवाल्यांची रांग, सर्व्हर बंद, त्यात हा फोन. आधी बोलणं ऐकूच येईना. मॅडम, एक व्हिडिओ पाठवतो, बघा, मग बोलू.

स्टोअररूममध्ये जाऊन पाहिला. पोरांनीच मोबाइलवर काढलेला. फळ्यावर मज्जारज्जूची आकृती, अगदी पुस्तकातल्यासारखी, प्र.चा हात चांगला आहे. मग रंगीत खडूनं तिच्याभोवती वेटोळे घेत जाणाऱ्या दोन रेघा, आणि आतून एक सरळ. "हे पुस्तकात नाही. परीक्षेत येणार नाही. पण हे तुमच्यात आहे." पोरं आधी हसतात. मग हसायची थांबतात. मग हा टेबलावर मांडी घालून बसतो, डोळे मिटतो, आणि तास संपेपर्यंत उठत नाही. दोन-तीन पोरंही डोळे मिटून बसलेली दिसतात.

इतकं छान शिकवताना मी त्याला पाहिलेलं नाही. याचीच भीती वाटली.

संचालक सभ्य माणूस. सरांना थोडी विश्रांती द्या म्हणाले. तोपर्यंत व्हिडिओ लातूरभर फिरला होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लातूरला जाऊन घेऊन आले. खोलीत गादी भिंतीला उभी केलेली, मेसचे डबे न उघडलेले, वास सुटलेला. प्र. दारातच उभा. "आलीस. मला माहीत होतं." फोन न करता गेले होते.

गाडीत अहमदपूरपासून लोह्यापर्यंत सलग बोलत होता. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, तुमचा उजवा गुडघा दुखतो. म्हातारा म्हणाला, दोन्ही दुखतात बाबा. लोक हसले. प्र. पण हसला. मी खिडकीबाहेर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मानसोपचार डॉक्टर. प्र. चालत आला, कुरकुर नाही. डॉक्टरांनी विचारलं, कानात आवाज येतात का. आवाज नाही, गूंज आहे, म्हणाला. ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिल्यावर येते तशी, पाठीच्या कण्यातून वर, मग टाळूत जाऊन थांबते. बाहेर पडायला वाट मागते. डॉक्टरांनी अर्धा तास शांतपणे ऐकलं, एकदाही हसले नाहीत.

मला नंतर वेगळं बोलावलं. म्हणाले, महिनोन्‌महिने ताण, झोप नाही, त्यात श्वास कोंडायचा अतिरेक. काहींचं मन असं सुटतं. बरे होतील. गोळ्या मात्र मधेच बंद करायच्या नाहीत. मी विचारलं, डॉक्टर, नाड्या असतात का खरंच? ते म्हणाले, त्यांना जे जाणवतं ते खरं जाणवतं. ते काय आहे, यावर आज वाद घालू नका. आज झोप महत्त्वाची.

गोळी घेऊन संध्याकाळीच झोपला. साचीला घरात हळू चालायला सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गोळ्या कढीपत्त्याच्या कुंडीत. मी शोधल्या नाहीत, त्यानंच दाखवल्या. "तुझ्यापासून लपवणार नाही. गोळी घेतली की प्रवाह जातो. नळाचं पाणी जातं तसा. नुसती फुसफुस."

भांडले. नंतर विनवलं. त्याचा आवाज एकदाही चढला नाही. शेवटी म्हणाला, "माझ्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हलतंय, आणि तुम्ही सगळे मिळून ते थांबवायला निघालात."

मुखेडला अण्णांना फोन केला. पोराचं सगळं ऐकून घेतलं त्यांनी. सासऱ्यांशी असं कधी बोलले नव्हते. मग म्हणाले, "आजारी हाय तर आजारी म्हणू. डॉक्टर करू. पण ते नाडीबिडीचं भूत माझ्या घरात नको. माझ्या बापानं छप्पन साली घरातले देव गोदावरीत सोडले ते यासाठी न्हाई."

२६ नोव्हेंबर, बुधवार

हे कुणाला सांगणार नाही.

सकाळी गच्चीवर त्याच्याशेजारी बसले. खूप मागं लागला होता, एकदा बस, मग वाटेल ते म्हण. म्हटलं, बसते, म्हणजे मग म्हणता येईल की काही नसतं. तो सांगेल तसा श्वास घेतला. डावीकडून, उजवीकडून. आधी नुसतं नाक चोंदलेलं. खाली दूधवाल्याची गाडी. बँकेत आज कोण रजेवर, हेच डोक्यात.

मग केव्हातरी माकडहाडापाशी कोमट. मुंगीसारखं काहीतरी वर निघालं. पाठीच्या मध्यापर्यंत आलं असेल. मी डोळे उघडले, उठले, चहा ठेवला.

प्र. मागोमाग आला. "आलं ना?" मी म्हणाले, नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि पुढं काही विचारलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

भाजी घेऊन आले तर दार लोटलेलं. आतल्या खोलीत साची त्याच्यासमोर मांडी घालून. नाक दाबलेलं, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. हा म्हणतोय, अजून थोडं, बेटा, अजून थोडं. मी पोहोचेपर्यंत ती कलंडली. क्षणभरच. पाणी मारलं तशी रडायला लागली. म्हणाली, पप्पा म्हणाले मी केलं तर त्यांना बरं वाटेल.

मी त्याला मारलं. हातानंच, दंडावर, पाठीवर. त्यानं हात वर केला नाही. मार खात बसून राहिला, आणि म्हणाला, तिची लवकर उघडली असती. लहानपणी सोपं असतं.

आता या घरात दोघांना एकत्र ठेवता येणार नाही. साचीला आईकडं पाठवायचं की प्र.ला मुखेडला? रडत रडत अण्णांना फोन लावला. म्हणाले, आणून सोड.

३ डिसेंबर, बुधवार. मुखेड

घेऊन आले. अण्णांनी अंगणातली बाजूची खोली झाडून ठेवलेली. सासूबाई गेल्यापासून एकटे राहतात, स्वैपाक स्वतः करतात. प्र.ला बघून काही बोलले नाहीत. ताट वाढलं, समोर बसले. जेवण होईपर्यंत उठले नाहीत. मग गोळी हातावर ठेवली. "घे." प्र.नं घेतली. बापासमोर घेतो. पोटात जाते की नाही देवजाणे. हा शब्द अण्णांसमोर म्हणत नाही मी.

अण्णांसमोर मी प्र.ला "अहो" म्हणते. कॉलेजपासून तू म्हणत आले, अजून जीभ अडखळते. आज निघताना "येते मी, काळजी घ्या" म्हणाले तर प्र. हसला. अगदी पूर्वीसारखं. एसटीत बसल्यावर फार रडले.

१० डिसेंबर, बुधवार

अण्णांचा फोन. व्हिडिओ मुखेडलाही पोचलाय. लातूरला क्लासला असलेलं गावातलं एक पोरगं सुट्टीवर आलं, त्यानं दाखवला. आता लोक विचारून राहिलेत, सर घरी हायेत का? कुणाची नस आखडली, कुणाची पाठ धरली. इथं नस, नाडी, शीर, सगळं एकच. अण्णांनी दोघांना परत पाठवलं. तिसरी बाई मागल्या दारानं आत.

१४ डिसेंबर, रविवार. मुखेड

आज डोळ्यांनी पाहिलं. वरच्या आळीतली पाटलाची सून, खांदा धरलेला, हात कमरेच्या वर जाईना. प्र.नं तिला खुर्चीवर बसवलं. मानेपासून मनगटापर्यंत दोन बोटं हळूहळू नेली, मधे मधे थांबत, श्वास सोडा म्हणत. घाई नाही, मंत्र नाही, उदबत्ती नाही. शेवटी म्हणाला, आता उचला. तिचा हात कानापर्यंत गेला. तिलाच खरं वाटेना. सासू तिच्याकडं बघतच राहिली.

दोघी प्र.च्या पाया पडल्या. त्यानं पाय मागं घेतले नाहीत.

अण्णा ओट्यावर बसून पाहत होते. त्या गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळू बोलले. पोस्टमन म्हणून लागले तेव्हा त्या आळीत टपाल वाटायला जायचे. उन्हाळ्यात पाणी मागितलं की ओंजळीत वरून ओतायचे. ओंजळच धरावी लागायची. "त्या घरची बाई आज माझ्या पोराच्या पायाला हात लावून गेली." आवाज कापत होता. राग होता की दुसरं काही, कळलं नाही. मला वाटतं, त्यांनाही कळलं नसावं.

गोळीचं विचारलं. म्हणाले, देतो. पण नजर चुकवली.

२१ डिसेंबर, रविवार. मुखेड

ओट्यावर माणसं. आठवडी बाजाराला आलेले लोक त्या दिवसापासून वाट वाकडी करून येतात म्हणे, बाराहाळीची, कुठकुठल्या गावची. आज बाजार नाही तरी अंगणात चपलाच चपला. एक माणूस नीटच्या पोरीला घेऊन आलेला, हिची नाडी उघडा, पाठांतर राहत नाही. तिला मात्र प्र.नं परत पाठवलं. म्हणाला, हिला झोप द्या. हे ऐकून जरा बरं वाटलं.

तो स्वतः झोपत नाही. डोळे खोल गेलेत. पण शांत, आणि लोकांशी इतका मऊ. माझ्याशीही. मी म्हणाले, घरी चल. म्हणाला, यांचं काय?

अण्णांना बाजूला घेऊन विचारलं, गोळ्या? खरं सांगितलं त्यांनी. आठवड्यापूर्वी बंद केल्या. "लोकं येऊन राहिले, त्याला बरं वाटून राहिलं. म्हणलं बघू." हे अण्णा म्हणाले. छप्पन सालच्या बापाचा मुलगा. पाणी प्यायला आत गेले आणि तिथंच उभी राहिले.

माझ्या पाठीतल्या त्या मुंगीचं मी तरी कुठं कुणाला सांगितलंय?

२८ डिसेंबर, रविवार. मुखेड

सविस्तर लिहिते.

दुपारी जेवून बसलो होतो. टमटममधून गोविंदरावांना घेऊन आले. ज्वारीचे शेतकरी, अण्णांच्याच वयाचे, गावाबाहेर शेतात राहतात. दोन मुलगे दोन्हीकडून धरून. डावा हात सकाळपासून धरलाय, नस आखडली, सर, तेवढी मोकळी करा. कडाक्याची थंडी आणि म्हाताऱ्याचा सदरा घामानं ओला.

प्र.नं मनगट धरलं. डोळे मिटले. लोक गप्प झाले, नेहमीसारखे. मी दारात.

मग त्यानं डोळे उघडले. म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला, ओठ पाहिले, नखं पाहिली. जबडा दुखतो का विचारलं. छातीवर ओझं? म्हाताऱ्यानं मान डोलावली. प्र. उठला. त्याचा आवाज बदलला. तो क्लासातला आवाज होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"हे नसेचं नाही. हे हार्ट आहे. नांदेडला न्यायचं, आत्ता. आधी सरकारी दवाखान्यात थांबून इंजेक्शन घ्या, मग पुढं."

थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, सर, तुम्ही नुसता हात ठेवा, त्यांचा तुमच्यावर विश्वास हाय. गर्दीतून पण तेच. एक बाई म्हणाली, सरांच्या हातानं होईल. प्र.नं एकदा हात पुढं नेला, मागं घेतला. माझ्याकडं बघितलं. असं भ्यालेलं मी त्याला कधी पाहिलं नाही.

"माझ्या हातात काही नाही," म्हणाला. "खरंच काही नाही. न्या यांना."

कुणी हलेना. तेव्हा अण्णा उठले. शेजारच्याची जीप, चावी घेतली, म्हाताऱ्याला स्वतः काखेत धरून बसवलं. पुढच्या सीटवर बसून गेले. जाताना मुलाच्या पाठीवर एक हात मारला, जोरात, शाबासकी होती की काय कोण जाणे.

सगळे गेल्यावर प्र. खोलीत कोपऱ्यात बसला. म्हणाला, "मी डोळे मिटून शोधत होतो, वैशू. प्रवाह शोधत होतो. आणि तेवढ्या वेळात त्यांचा जीव चालला होता. मला काही लागलं नाही. शेवटी पुस्तकातली आकृती दिसली." त्याला धरून बसले. खूप दिवसांनी तो रडला.

३० डिसेंबर, मंगळवार

रजा वाढवली. गोविंदराव वाचले. नांदेडला आयसीयूत आहेत, बोलतात.

वाटलं होतं, आता थांबेल. सकाळी त्यांचा धाकटा हार, नारळ, पेढे घेऊन दारात. सरांनी हात लावला म्हणून बाप जगला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर... मागं पन्नासेक माणसं असतील. एकाच्या हातात बायकोचा एक्स-रे. एक आंधळी म्हातारी.

प्र. आतून कडी लावून बसला. मी बाहेर येणार नाही, मी बाहेर येणार नाही, एवढंच.

अण्णांनी खुर्ची घेतली, फाटकात ठेवली, बसले. पांढरा सदरा, पोस्टातल्या खाकीला करायचे तशी इस्त्री. हार घेतला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलं, एकाला एकदा, दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून. माझा पोरगा आजारी हाय. मनाचा आजार हाय. गोविंदराव दवाखान्यानं वाचले. घरी जा.

एक जण म्हणाला, अण्णा, स्वतःच्या लेकराला येडं कशाला ठरवता, देवमाणूस हाय तो.

अण्णा उभे राहिले. "येडा म्हणा, चालंल. बुवा म्हणू नका."

गर्दी हळूहळू पांगली. वरच्या आळीतली ती सूनही आली होती. तिचा खांदा पुन्हा धरला होता. तिला अण्णांनी नांदेडच्या हाडांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. दुपारपर्यंत खुर्ची तिथंच. मी चहा नेऊन दिला तर कप घेताना म्हणाले, मला चांगलं वाटत होतं गं, पोरी. ते लोकं वाकत होते तवा. त्यांच्याजवळ खाली पायरीवर बसले.

२ जानेवारी, शुक्रवार. नांदेड

डॉक्टर. प्र. स्वतःहून म्हणाला, द्या गोळ्या. किती दिवस, एवढंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघू. मुखेडला निघताना साचीला माझ्या आईकडं सोडलं होतं, अजून तिथंच. आधी तो सावरू दे.

१६ जानेवारी, शुक्रवार

झोपतो. दिवसा, संध्याकाळी, बसल्या बसल्या. जीभ जड. चमचा धरताना हात हलतो. पेपर हातात घेतो, पहिलंच पान. साची रविवारी येऊन गेली, दारातूनच बघितलं. त्यानं बोलावलं नाही. नंतर मला म्हणाला, ती घाबरते ना? घाबरू दे. बरंच आहे.

मी ब्रँचला जाते, येते. लोक विचारतात, साहेबांची तब्येत? बीपी म्हणते. अण्णांसारखं फाटकात खुर्ची टाकून बसायची हिंमत माझ्यात नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

गोळ्या बदलल्या, हात थांबला. आज उठून दाढी केली. साची राहायला आली. प्र. तिच्यापासून लांब बसतो, तिनंच विज्ञानाचं पुस्तक आणून समोर ठेवलं. श्वसनसंस्था. मी किचनमधून कान देऊन. नीट शिकवलं, फुप्फुसं, वायुकोश, सगळं. नाकाचा विषय आला तेव्हा थोडा थांबला, मग पुढं गेला.

१५ फेब्रुवारी, रविवार

अण्णा आले होते. येताना ज्वारीचं पीठ, हरभऱ्याची भाजी. बापलेक गॅलरीत बसून राहिले, फारसं बोलणं नाही. गोविंदराव शेतात हिंडतात म्हणे. त्यांच्या घरी प्र.चा फोटो लावलाय. अण्णांनी दोनदा सांगून पाहिलं, काढत नाहीत.

क्लासनं त्याच्या जागी दुसरा घेतला. इथल्या एका ज्युनियर कॉलेजात जूनपासून विचारतायत. प्र. म्हणाला, बघू. सगळ्यालाच बघू म्हणतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बरा आहे. बाजारातून भाजी आणतो, साचीला सोडतो. झोप नीट. कुणी पाहिलं तर म्हणेल, काही झालंच नव्हतं.

पण मनगट धरून बसत नाही. परवा मला ताप होता, गोळी आणून दिली, पाणी दिलं, पंखा बंद केला. सगळं केलं. माझ्या अंगाला हात लावला नाही. मी हात पुढं केला, त्यानं तो पांघरुणाखाली सरकवला आणि दिवा मालवून गेला.

विचारलं, कसं वाटतं आतून? म्हणाला, शांत. मग थोड्या वेळानं, खोली रिकामी केल्यावर असते तसं.

आजारी होता तेव्हा माझ्या जास्त जवळ होता. हे लिहायला नको होतं. पण आहे.

९ मार्च, सोमवार

डॉक्टरांकडं दोघं. खूश होते. सकाळची गोळी अर्धी केली. श्वासाचे प्रकार अजिबात नकोत, हे पुन्हा बजावलं. मग विचारलं, ती गूंज, ते वर चढणं, येतं का अजून? प्र. म्हणाला, नाही. एका झटक्यात. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पण नाही म्हणून मान हलवली. मला तरी काही दिसलं नव्हतं.

बाहेर ऊन. रिक्षा मिळेना. रसवंतीच्या सावलीत बसलो, रस घेतला. प्र.नं अर्धा ग्लास संपवला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "खोटं बोललो."

मी ग्लास बाकावर ठेवला.

"मी काही करत नाही, वैशू. शपथ. बसत नाही, कोंडत नाही. आपोआप येतं. सकाळी, उठायच्या आधी. अगदी थोडं. पाठीच्या अर्ध्यापर्यंतच, मग विरून जातं." ग्लास दोन्ही हातांत धरलेला. "त्यानं मला काही होत नाही. तेवढं राहू दे ना."

चरकाचा आवाज चालू होता. डॉक्टरांचा दवाखाना समोरच, रस्ता ओलांडला की. संध्याकाळपर्यंत असतात.

पाठीच्या अर्ध्यापर्यंत. मला ठाऊक आहे ते कुठवर.

रिक्षा आली. प्र. आत जाऊन बसला, माझ्यासाठी जागा केली. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं जायचं, मॅडम? मी अजून रस्त्याच्या पलीकडं बघत होते.